नौपाड्यातली 860 पुस्तकं, एक टॅब आणि माळ्यावरचं व्यासपीठ

पार्श्वभूमी

बाईंनी ठाण्यातल्या एका शाळेत 31 वर्षं मराठी शिकवलं. आठवीला मी त्यांच्या वर्गात होतो. आता मीच साठीला टेकलोय, तरी त्यांच्यासाठी मी 'अरे'च आणि माझ्या तोंडून 'बाई'शिवाय दुसरं काही निघत नाही. ओळख पटू नये म्हणून घरच्या काही गोष्टी इथे बदलल्या आहेत. वाचनाबद्दलचं मात्र जसं घडलं तसंच लिहितोय.

2024 सालच्या पावसाळ्यानंतर त्यांची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली. नवा फ्लॅट मिळेपर्यंत तीन वर्षं तरी मुलाकडे, घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहायचं ठरलं. टू बीएचकेतली एक छोटी खोली बाईंची. नौपाड्यात तीन लोखंडी कपाटं भरून आणि वर माळ्यावर पुस्तकं होती. जुन्या नोंदवहीप्रमाणे 860, दिवाळी अंक वेगळे.

वय 72. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात, त्यामुळे जाड पुस्तक उघडं धरलं की दहा मिनिटांत कळ येते. दिवसाला तीनेक तास वाचन: सकाळी पेपर, दुपारी चरित्र नाहीतर कादंबरी, रात्री काहीतरी हलकंफुलकं. मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या (1893 सालचं) त्या लग्न होऊन ठाण्यात आल्यापासून सभासद. शिवाय पाच मैत्रिणींची एक पुस्तकभिशी होती. दर महिन्याला प्रत्येकीने एक पुस्तक आणायचं आणि ते फिरवायचं. ही भिशी पुढे महत्त्वाची ठरली, पण तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच ती लक्षात आली नाही.

अडचण

खरं तर अडचणी तीन होत्या आणि एकमेकींत गुंतल्या होत्या: जागा, हात आणि डोळे. घरच्यांनी तिन्हींची मिळून एक केली आणि तिला एकच उत्तर काढलं, "आईला टॅब घेऊन देऊ."

मुलगा ऐरोलीला आयटीत आहे. दसऱ्याच्या सेलमध्ये त्याने 10.1 इंची टॅब घेतला. त्याच आठवड्यात माळा रिकामा करताना 'हे तर आता टॅबवर मिळेलच' या हिशेबाने दोन पोती रद्दीत गेली. वर वर जुने दिवाळी अंक होते म्हणून खाली काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

टॅब दहा दिवस चालला. मग नातवाच्या कार्टूनला लागला. बाईंची तक्रार साधी होती: "अरे, मी वाचायला बसले की तेच मला हाका मारतं." व्हॉट्सअ‍ॅप, बातम्या, अपडेट. शिवाय कव्हरसकट जड.

मग मुलाने मला फोन केला. मी 30 वर्षं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम केलंय, ठाण्या-दादरच्या प्रकाशकांची पुस्तकं लावली आहेत, म्हणून मला विचारलं असणार. "काका, टॅब चुकला का? किंडल घ्यायला हवं होतं?" मी क्षणाचाही विचार न करता हो म्हणालो. किंडल म्हणजे अ‍ॅमेझॉनचा ई-रीडर, फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र. त्याचा ई-इंकचा पडदा डोळ्यांना बरा, वजन हलकं, विषय संपला. आज त्या उत्तराची मला लाज वाटते. बाई काय वाचतात, ते कुठल्या रूपात मिळतं आणि त्यांना नेमकं काय दिसत नाही, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी भेटायला गेलो तेव्हा बाई पेपर वाचताना डावा डोळा मिटून घेत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "डाव्याने ओळीच्या मधलं अक्षर पुसल्यासारखं दिसतं. दाराची चौकट पण जरा वाकडी वाटते." हे चार महिने चाललं होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. चौकटींचा तक्ता, मग डोळ्याच्या आतल्या पडद्याचा स्कॅन. निदान झालं: डाव्या डोळ्यात मॅक्युलर डीजनरेशन, म्हणजे त्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज, कोरड्या प्रकारचं, सुरुवातीच्या टप्प्यातलं. उजवा बराच चांगला. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. वाचल्याने हा आजार वाढत नाही, कागदावर वाचा की पडद्यावर. रेषा अचानक जास्त वाकड्या दिसू लागल्या तर त्याच दिवशी या. आणि तुम्हाला आता उजेड आणि अक्षर-कागदातला ठळक फरक, दोन्ही पूर्वीपेक्षा जास्त लागणार.

'डोळ्यांना बरं' हे माझं फोनवरचं उत्तर त्या तिसऱ्या वाक्यानेच मोडीत निघालं.

कोणते पर्याय होते

नवं काही विकत घ्यायचं नाही, आधी तीन आठवडे उसन्या वस्तूंवर वाचून पाहायचं, असं ठरलं. हा या प्रकरणातला पहिला शहाणपणाचा निर्णय, आणि तो बाईंचा. टॅब घरात होता, माझ्या भाचीने तिचा जुना 6 इंची ई-रीडर दिला आणि कागद होताच. बाईंनी वहीत रकाने आखले: काय वाचलं, कशावर, किती वेळ, का थांबले. शेवटचा रकाना सगळ्यांत उपयोगाचा निघाला.

ई-रीडर. ई-इंकच्या पडद्यात केसाएवढ्या बारीक कुप्या असतात आणि त्यात काळे-पांढरे कण. विद्युतभार बदलला की पांढरे वर येतात किंवा काळे. एकदा पान लागलं की ते टिकवायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडे चालते. पडदा स्वतः प्रकाशत नाही, बाहेरचा उजेड परावर्तित करतो. गॅलरीतल्या दुपारच्या उन्हात टॅबचा आरसा व्हायचा आणि ई-रीडरवरचं अक्षर उलट जास्त खुलायचं. कव्हरसकट वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर 300 ग्रॅमच्या आत. टॅब 700 च्या जवळ आणि बाईंची आवडती एक जाडजूड कादंबरी 900 च्या वर. अंगठ्याचा प्रश्न ई-रीडरने एका दिवसात सोडवला.

पण संध्याकाळी वहीत वेगळंच यायला लागलं: 'थांबले, कारण पान मळकट दिसतं.' ई-इंकची पांढरी पार्श्वभूमी खरं तर फिकी राखाडी असते. तरण्या डोळ्यांना तो फरक जाणवत नाही, बाईंच्या डाव्या डोळ्याला जाणवायचा. पडद्याच्या कडेला असलेला यंत्राचा दिवा वाढवल्यावर सुधारणा झाली, पुरेशी नाही. शिवाय अक्षर मोठं केलं की 6 इंचांत एका ओळीत तीन-चार शब्दच मावतात. त्यात आपली मराठी 'विद्यार्थ्यांपर्यंतसुद्धा' असा पाऊण ओळ खाणारा शब्द सहज करते. इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी तोडता येतो, ई-रीडरवर मराठी शब्द तसा तुटत नाही. मग दोन्ही कडा सरळ ठेवायच्या नादात शब्दांमध्ये नुसत्या फटी. यावर साधा इलाज आहे: सेटिंगमध्ये जाऊन ओळी फक्त डावीकडून सरळ करायच्या. हे केल्यावर बाईंचा वेग लगेच वाढला. ज्यांच्या घरी मोठ्या अक्षरात मराठी वाचणारं कुणी आहे त्यांनी आजच करून पाहावं.

टॅब. मागून प्रकाश येत असल्याने काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं, हवं तितकं ठळक होतं. संध्याकाळी डाव्या डोळ्याला सगळ्यांत बरा टॅबच वाटला. मला हे अपेक्षित नव्हतं. टॅबचा दुसरा फायदा माझ्या धंद्यातला आहे. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. त्यात अक्षर मोठं होत नाही, अख्खं पान मोठं करावं लागतं. आपलं नेहमीचं डेमी आकाराचं पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. ते 10 इंची टॅबवर जवळपास मूळ मापात बसतं. 6 इंची ई-रीडरवर तेच पान आक्रसून 12 पॉइंटचा टाइप 7 पॉइंटच्याही खाली जातो. म्हणजे पंचांगातल्या तळटिपा. समास कापून थोडं वाढवता येतं, पण बहात्तरीच्या डोळ्यांना ते वाचा असं सांगणं बरं नव्हे.

कागद. याचं मूल्यमापन करायचं असतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं, तो 'आधीचा' पर्याय होता. बाईंच्या वहीत मात्र कागदापुढे दोनच कारणं येत होती: 'हात दुखला' आणि 'ट्यूबलाइट मागे'. दोन्ही पुस्तकाचे दोष नव्हते.

ऐकणं. स्टोरीटेल हे अ‍ॅप 2017 पासून मराठी पुस्तकं ऐकवतंय. बाईंनी दोन ऐकली. "चांगलं वाचतात, पण मागचं पान उलटायचं कुठे?" म्हणाल्या. स्वयंपाक करताना ठीक, एवढाच शेरा.

यादी

मशिनं बाजूला ठेवून आम्ही यादीकडे वळलो ते खरं तर पुस्तकं कुठे न्यायची या घाईत. पण निर्णय फिरला तो इथे.

बाईंनी परत परत वाचायची 60 पुस्तकं निवडली. मी दोन संध्याकाळी बसून ती ई-पुस्तकांत शोधली. डिसेंबर 2016 मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांचा विभाग सुरू झाला. त्यानंतर मराठी ई-पुस्तकं बरीच आली, पण बहुतेक नवी किंवा नेहमी खपणारी. बाईंच्या 60 पैकी 22 मिळाली. 9 स्कॅन स्वरूपात, लेखकाच्या मृत्यूला 60 वर्षं होऊन गेल्यामुळे मुक्त झालेली. उरलेली 29 कागदाशिवाय कुठेच नाहीत.

असं का, हे मला ठाऊक होतं, कारण त्या कारखान्यात मी काम केलंय. 1990 आणि 2000 च्या दशकांत आम्ही श्रीलिपी, आकृती, आयएसएम या सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकं लावली. तेव्हाचे ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच चालणाऱ्या प्रमाण पद्धतीचे, नव्हते. फाइलमध्ये खरं म्हणजे इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक आकडे असायचे आणि फॉन्ट त्यांना देवनागरी कपडे घालायचा. अशा फाइलचं ई-पुस्तक करायचं तर सगळं रूपांतरित करून पहिल्यापासून मुद्रितशोधन करावं लागतं. पाचशे प्रतींच्या आवृत्तीवर जगणाऱ्या प्रकाशकाला ते परवडत नाही. काहींच्या तर सीडीच खराब झाल्या आहेत.

जी रूपांतरित झाली त्यांतही गंमत होती. एका ई-पुस्तकात लग्नाच्या पंगतीत 'आचार्यांना' बक्षीस दिलं होतं. बाईंनी चष्मा वर केला, "अरे, हा स्वयंपाक शंकराचार्यांनी केला का?" आचाऱ्यांच्या 'ऱ्या'चा अर्धा र रूपांतरात रफार होऊन बसला होता. पुढे एका पानावर डोंगरातल्या 'दऱ्या'चा समुद्र झाला. मी तीस वर्षांत त्यांच्याइतका कडक मुद्रितशोधक पाहिला नाही. तरी पुस्तक त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, चुकांची यादी करत.

काय केलं

यादीप्रमाणे वाटण्या झाल्या. खोलीत मावतील इतकी 140 पुस्तकं, त्यात ती 29 सगळ्यांत आधी. 263 खोक्यांत घालून डोंबिवलीला बहिणीच्या कोरड्या खोलीत, प्रत्येक खोक्यात डांबरगोळ्यांची पुरचुंडी आणि वर वहीतला क्रमांक. 420 एका शाळेच्या ग्रंथालयाला. शाळेने आधी यादी मागितली आणि त्यातलीच घेतली, हे मला आवडलं. देणगी म्हणून फुटकी पाठ्यपुस्तकं गळ्यात मारणारे आपल्याकडे कमी नाहीत.

यंत्रांत टॅब ठेवला, पण सिमकार्ड काढलं, व्हॉट्सअ‍ॅप काढलं, नातवाला त्याचा वेगळा कोपरा दिला. टॅब स्कॅन केलेल्या पुस्तकांसाठी आणि संध्याकाळच्या पेपरसाठी. ई-रीडर नवा घेतला, थोड्या मोठ्या पडद्याचा, ई-पुस्तकं मिळणाऱ्या 22 साठी आणि दवाखान्याच्या रांगेसाठी. यावर मुलाचं आणि माझं जुंपलं. तो म्हणाला, दोन यंत्रं कशाला, टॅबवर ई-पुस्तकं पण दिसतात. पैशांच्या दृष्टीने त्याचंच बरोबर होतं. मी अंगठ्याचं कारण दिलं. शेवटी बाईंनी स्वतःच्या पेन्शनीतून घेतला आणि आम्हा दोघांनाही गप्प केलं.

सगळ्यांत जास्त फरक पाडणाऱ्या दोन वस्तू कुणाच्याच यादीत नव्हत्या. एक, मान वळणारा एलईडी टेबल दिवा, हजाराच्या आतला. डाव्या खांद्यावरून थेट पानावर प्रकाश. खोलीतली ट्यूबलाइट डोक्यामागे होती, म्हणजे बाई इतके दिवस स्वतःच्याच सावलीत वाचत होत्या. दुसरी, माळा रिकामा करताना निघालेलं पोथीचं लाकडी व्यासपीठ. सासूबाई त्यावर गुरुचरित्राचं पारायण करायच्या. तेही रद्दीबरोबर जाणार होतं, सुनेने "पूजेचं आहे, राहू दे" म्हणून वाचवलं. जेवायच्या टेबलावर ते ठेवून 900 ग्रॅमची कादंबरी उघडली आणि दोन्ही कडांना कपड्यांचे चिमटे लावले. हाताला काही कामच उरलं नाही.

परिणाम

आठ महिन्यांनी पुन्हा वही पाहिली. वाचन तीन तासांवर परत आलं आहे. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ कागद. ई-रीडर दुपारी आणि बाहेर. टॅब रोज संध्याकाळी तासभर. वाटलं होतं त्याच्या नेमकं उलट.

दिवाळी अंकांचं बाईंनी मनावर घेतलं. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने सुरू केलेली ही परंपरा त्यांनी 50 वर्षं वर्गणी भरून पाळली आहे. घोडबंदर रोडची वाहतूक आणि मेट्रोची कामं यांतून अंक आणायला नौपाड्याला जाणं दर आठवड्याला जमत नाही, म्हणून सून ऑफिसहून येताना चार-चार अंक आणते. काही अंकांच्या पीडीएफ आवृत्त्या टॅबवर आल्या. जाहिरातींची पानं रंगीत छान दिसली, मजकूर दोन रकान्यांत असल्याने सारखं वर-खाली सरकवावं लागलं. ते बाईंनी सोडून दिलं.

भिशी मात्र बारगळली. विकत घेतलेलं ई-पुस्तक मैत्रिणीच्या हातात देता येत नाही, तो वाचण्याचा परवाना असतो. यंत्रच द्यावं लागतं. अ‍ॅमेझॉनने तर 26 फेब्रुवारी 2025 पासून विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून तारेने किंडलवर टाकायची सोयही काढून घेतली. दोन महिने बाईंनी भिशीला पुस्तक नेलं नाही आणि मग जायचंच टाळू लागल्या. हे आम्हाला मैत्रिणींपैकी एकीने सांगितलं, बाईंनी नाही. आता नियम केलाय: भिशीसाठीचं पुस्तक कागदीच घ्यायचं.

वेगळं काय करता आलं असतं

डोळ्यांची तपासणी यंत्राच्या खरेदीआधी व्हायला हवी होती. हा मुद्दा मी सर्वांत वर ठेवतो. वाचन कमी झालं की आपण वय, कंटाळा, मोबाइल यांना दोष देतो. बाई डोळा मिटून वाचत होत्या आणि आम्ही सेल बघत होतो.

मी फोनवर उत्तर द्यायला नको होतं. 'टॅब की किंडल' असं कुणी विचारलं की आता मी आधी दहा पुस्तकांची नावं मागतो. इंग्रजी वाचणाऱ्याला ई-रीडर देऊन मोकळं होता येतं, तिथे बहुतेक पुस्तक मिळतं. मराठी वाचणाऱ्याला तसं होत नाही. ज्याची दहापैकी सात नावं ई-पुस्तकांत सापडतील त्याने खुशाल घ्यावा.

खातं मुलाच्या ईमेलवर काढलं, तेही चुकलं. त्याची कामाची इंग्रजी पुस्तकं आणि बाईंच्या कादंबऱ्या एकाच यादीत येतात. एकदा त्याने फोनवर बाईंचं पुस्तक चुकून उघडून शेवटच्या पानावर नेलं आणि बाईंची खूण हरवली. बदलायचं म्हटलं तर घेतलेली पुस्तकं नव्या खात्यात नेता येत नाहीत. म्हणून तसंच चाललंय.

रद्दीबद्दल घरात बोलणं होत नाही. सुनेला वाईट वाटतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि पोती उचलताना मुलगाही होता हेही.

नव्या इमारतीचं काम आता सहाव्या मजल्यावर आलंय. मुलाने सुताराला विचारून बाईंच्या खोलीत भिंतभर कपाट काढलंय आणि किती फूट फळ्या लागतील हे मोजायला त्याला वही हवी होती, म्हणून ती सध्या माझ्याकडे आहे. 'कुठे आहे' या रकान्यात 140 पुढे 'खोली', 263 पुढे खोक्याचा क्रमांक, 420 पुढे 'शाळा' असं बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलंय. 37 पुढचा रकाना त्यांनी रिकामा ठेवलाय.